गिटारवाल्या मुलाच्या आईस

ताई, सप्रेम नमस्कार.

मिरजेहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्सला आहे, चार वर्षं गिटार वाजवतोय आणि आता सीईटीचा फॉर्म भरणार नाही म्हणून अडून बसलाय. कारण विचारलं की लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकन बँडचं नाव घेतो. त्यातल्या गिटारवादक गॅरी रॉसिंग्टननं शाळा सोडली होती, तरी तो जगभर गाजला, असं त्याचं म्हणणं. ‘मला त्या बँडमधलं काही कळत नाही, त्याच्याशी बोलू काय?’ असं तुम्ही विचारलंय. अमेरिकेच्या दक्षिणेतलं हे कंट्री आणि रॉक मिसळलेलं संगीत मी कॉलेजपासून ऐकतो. म्हणून आधी त्या माणसांबद्दलच सांगतो.

मुलगा खोटं बोलत नाहीये. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची ही पोरं साध्या, कष्टकरी घरांतली. गायक रॉनी व्हॅन झँटचे वडील ट्रक चालवायचे. लांब केसांवरून रॉसिंग्टनला शाळेत इतका त्रास झाला की त्यानं शाळाच सोडली. केसांच्या नियमाबाबत कडक असलेले पीटीचे मास्तर होते लेनर्ड स्किनर, आणि त्यांच्याच नावाची मोडतोड करून पोरांनी बँडचं नाव ठेवलं. मुलाला हा भाग तोंडपाठ असणार.

पण पोरं एकत्र वाजवायला लागली १९६४ मध्ये आणि त्यांचा पहिला अल्बम आला १९७३ मध्ये. ही मधली नऊ वर्षं मुलाच्या सांगण्यात येत नाहीत. ग्रीन कोव्ह स्प्रिंग्जजवळ ओढ्याच्या काठी त्यांनी तालमीसाठी एक खोपटं घेतलं होतं. वर पत्रा, आत एसी नाही, आणि बाहेर फ्लोरिडाचा उन्हाळा. ‘हेल हाउस’ म्हणायचे त्याला, म्हणजे नरकाचं घर. तिथे दिवस दिवस तीच गाणी घोटायची. बाकीचे बँड सोलो, म्हणजे एकट्या वाद्याचा तुकडा, ऐन वेळी सुचेल तसा वाजवत असताना यांचे सोलोसुद्धा सूर न् सूर बसवलेले असायचे. आपल्याकडे घराण्यातला शागीर्द पलटे, म्हणजे सुरांचे ठरावीक क्रम, घोटतो ना, त्याच जातीची ही मेहनत.

त्याच बँडमधल्या बिली पॉवेलची गोष्ट मात्र मुलाला मुद्दाम सांगा. हा लहानपणी रीतसर पियानो शिकलेला. पण बँडमध्ये आला तो वादक म्हणून नव्हे, सामान उचलणारा म्हणून. अँप्लिफायर उतरवायचे, वायरी जोडायच्या, कार्यक्रम संपला की सगळं परत गाडीत भरायचं. १९७२ मध्ये एका शाळेच्या कार्यक्रमात सामान लावून झाल्यावर तो तिथल्या पियानोवर बसला आणि बँडच्या ‘फ्री बर्ड’ गाण्याला स्वतः रचलेली सुरुवात वाजवायला लागला. रॉनीनं ती ऐकली आणि पॉवेल त्यांचा कीबोर्डवादक झाला. ही गोष्ट मी इतक्या मुलांना सांगितलीय, तरी दर वेळी त्या पियानोपाशी आलो की थांबतो. सामान वाहतानाही त्या माणसाची बोटं तयार होती.

शिक्षणाचं म्हणाल तर अमेरिकेच्या दक्षिणेतलाच दुसरा बँड बघा, त्याचं नाव अलाबामा. डोंगराळ भागातल्या शेतकरी घरांतली ही चुलत-मावस भावंडं. मर्टल बीच या समुद्रकाठच्या गावातल्या एका बारमध्ये ती वर्षानुवर्षं उन्हाळाभर वाजवायची, ऐकणारे देतील त्या टिपांवर. त्यांचा गायक रँडी ओवेन यानंही आधी शाळा सोडली होती. पुढे तो परत गेला आणि इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झाला. त्या पदवीनं त्याचं गाणं अडलं नाही.

आता तुमच्या घरातलं. चार वर्षं गिटार वाजवतो म्हणता, पण एकटा वाजवतो की कुणाबरोबर? पत्रात हे नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. खोलीत दार लावून व्हिडिओबरोबर वाजवणं वेगळं आणि ड्रमवाल्याच्या लयीत स्वतःला बसवणं वेगळं. मिरज-सांगलीत त्याला आणखी तिघं जोडीदार मिळतात का बघू द्या. आठवड्यातून दोन दिवस तालीम आणि सहा महिन्यांत लोकांसमोर अर्ध्या तासाचा कार्यक्रम. जमलं तर तुम्ही दोघंही ऐकायला जा, पहिल्या रांगेत बसा.

फॉर्म मात्र भरू द्या. फॉर्म भरला म्हणजे इंजिनिअरिंग घेतलंच पाहिजे असं नाही, आणि हे तुम्ही स्वतःच्या तोंडानं त्याला सांगा, म्हणजे अढी सुटेल. बीएस्सी करूनही तो वाजवू शकतो. ध्वनिमुद्रणाकडे ओढा असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेतला अभ्यासक्रम पदवीनंतरचाच आहे, आणि बारावीच्या भौतिकशास्त्रातला ध्वनीचा धडा तिथे उपयोगीच पडेल. शिवाय तुमच्या गावात तंतुवाद्यांचे कारागीर बसतात. एखाद्या रविवारी त्याला सतारमेकर गल्लीत पाठवा, जवारी काढताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज जुळवताना, तासभर बघू दे.

आणि ताई, गिटार कपाटात ठेवून कुलूप लावलंय असं शेवटी लिहिलंत. ती आजच बाहेर काढून द्या. परीक्षा संपेपर्यंत रोज एक तास, हे त्याच्याशी बोलून ठरवा. पुढचं पत्र त्याला स्वतः लिहायला सांगा. जोडीदार मिळाले की नाही, तेवढं त्यात कळवू दे.