नवा लॅपटॉप घेतलास? चोरीआधी एवढं करून ठेव

भाऊ, लॅपटॉप चोरीला गेला तर शोधता येतो का, हे अमळनेरहून पुण्याला निघायच्या आधी विचारलंस, बरं केलंस. चोरी झाल्यावर ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर टाकता येत नाही, त्यामुळे आजच बस.

विंडोज असेल तर सेटिंग्जमध्ये 'फाइंड माय डिव्हाइस' आणि लोकेशन, दोन्ही चालू कर. त्याला स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, कॉलेजने दिलेलं चालत नाही. मग मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन ठिकाण दिसतंय का ते बघच. नवीन पोरं नेमकं हेच गाळतात.

बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नसतो. आसपासच्या वायफायवरून जागेचा अंदाज लागतो, तोही मशीन चालू आणि नेटवर असेल तरच. चोराने फॉरमॅट मारला की विषय संपला. म्हणून हेही कर:

- सिरीयल नंबर आणि बिलाचा फोटो घरच्यांच्या व्हॉट्सॲपवर टाकून ठेव. तक्रारीत हेच विचारतात.
- ड्राइव्हचं एन्क्रिप्शन (म्हणजे डेटाला कुलूप) चालू कर, प्रोजेक्टचा बॅकअप घे. मशीन गेलं तरी डेटा तरी वाचेल.

गेलाच, तर आधी लांबूनच लॉक कर, मग पासवर्ड बदल, मग पोलीस. रेल्वेत गेला तर 139 ही हेल्पलाइन लाव किंवा वाटेतल्या मोठ्या स्टेशनवर उतरून लोहमार्ग पोलिसांत तक्रार दे. सीईआयआर या सरकारी पोर्टलवर वेळ घालवू नको, ते हरवलेल्या मोबाइलसाठी आहे. आणि नकाशावर ठिपका दिसला म्हणून मित्र घेऊन धावायचं नाही. तो ठिपका शेजारच्या घरावरही पडतो. स्क्रीनशॉट पोलिसांना दे.

बायोस पासवर्डचं (विंडोज सुरू व्हायच्या आधीच विचारतात तो) नंतर बघू. आधी ठिकाण दिसलं का, ते कळव.