आर्निस्टन का फुटलं : सहा मिनिटांचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आर्निस्टन हे इंग्रजी जहाज १८१५ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ फुटलं आणि ३७८ जणांपैकी फक्त सहा वाचले, असं तुमच्या वाचनात आलं. समोर दिसणारा किनारा ओळखता येऊ नये इतका त्याचा कप्तान अडाणी होता का? आणि त्या काळी जहाजं एवढी बुडत ती वादळांमुळेच का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, म्हणजे पहिल्याचं सोपं होईल. मी पंचवीसेक वर्षं व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर होतो. भर समुद्रातल्या वादळाची भीती वाटायचीच, पण खरी झोप उडायची ती जमीन जवळ आली की. शिडाच्या जहाजांच्या काळात तर हे शंभरपटीने खरं होतं. खोल पाण्यात शिडं उतरवून, सुकाणू बांधून चांगलं जहाज दिवसच्या दिवस वादळ काढत असे. वारा किनाऱ्याकडे लोटतोय, किनाऱ्यावर खडप आहे आणि जहाज मध्ये सापडलंय, ही वेळ आली की संपलं. शिडाच्या जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर थेट जाता येत नाही. तिरकं-तिरकं जाऊन थोडं वर चढता येतं, पण दर्या खवळलेला असेल तर तेवढंही मिळत नाही, उलट जहाज इंच इंच किनाऱ्याकडे सरकतं. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला एखादी होडी अशी अडकली की म्हातारे तांडेल काय चेहऱ्याने बघतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

१८११च्या २४ डिसेंबरला ब्रिटिश आरमाराची सेंट जॉर्ज आणि डिफेन्स ही दोन मोठी लढाऊ जहाजं डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर अशीच गेली. तेराशेच्या वर माणसं मेली, वाचली वीसही नाहीत. शत्रूची एक तोफ उडाली नव्हती. हिवाळा लागल्यावर उशिरा बाल्टिक सोडलं, सेंट जॉर्जच्या डोलकाठ्या आधीच्या वादळात मोडून तात्पुरत्या उभ्या केलेल्या, आणि वारा किनाऱ्याकडचा. त्यामुळे नुसतं 'वादळात बुडालं' असं कुठे वाचलंत, तर किनारा किती लांब होता ते आधी बघा.

आता आर्निस्टन. १७९४ साली थेम्स नदीकाठी रॉदरहाइथला बांधलेलं हे जहाज ईस्ट इंडिया कंपनीसाठी पूर्वेच्या आठ सफरी करून आलेलं होतं, म्हणजे काल पाण्यात उतरलेलं नव्हे. १८१५ साली ते सैन्याच्या वाहतुकीसाठी भाड्याने घेतलेलं होतं. सिलोनहून जखमी सैनिकांना इंग्लंडला परत न्यायचं काम. ४ एप्रिलला सिलोनच्या गॉल बंदरातून निघालं, सोबत कंपनीची सहा जहाजं आणि आरमाराची दोन. जहाजावर बायका होत्या, मुलं होती. कप्तानाचं नाव जॉर्ज सिम्प्सन.

या जहाजावर क्रोनोमीटर, म्हणजे भर समुद्रातही बिनचूक चालणारं घड्याळ, नव्हता. या सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपण उत्तर-दक्षिण कुठे आहोत, म्हणजे अक्षांश, हे दुपारचा सूर्य मापून कळतं. ते काम शेकडो वर्षं चालत आलेलं. पूर्व-पश्चिम कुठे आहोत, म्हणजे रेखांश, ते मात्र वेळेवरून काढावं लागतं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. सूर्याची उंची मोजून इथली वेळ काढायची, घड्याळात ग्रीनिचची वेळ बघायची, दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा रेखांश. घड्याळ मात्र महिनोन्महिने डोलत्या जहाजावर, उन्हाथंडीत, बिनचूक चाललं पाहिजे. तसं घड्याळ जॉन हॅरिसनने १७५९ पर्यंत करून दाखवलं होतं, आणि पुढे अर्नोल्ड आणि अर्नशॉ या घड्याळजींनी ते विकत घेता येईल असं केलं. १८१५ साली ही काही नवलाईची वस्तू राहिलेली नव्हती.

मी कॅडेट असताना आमच्या चार्टरूममध्ये असा क्रोनोमीटर होता. लाकडी पेटीत, आत पितळी कड्यांमध्ये झुलता ठेवलेला, म्हणजे जहाज कितीही कललं तरी तबकडी आडवीच. रोज सकाळी आठला किल्ली द्यायची, मोजून तेवढेच वेढे, आणि रेडिओवरच्या टोल्यांशी ताडून किती सेकंद पुढे-मागे आहे ते वहीत लिहायचं. सेकंड मेट मला त्या पेटीला टेकूही देत नसे. घड्याळ चुकलं तरी चालतं, फक्त ते किती चुकतं हे माहीत पाहिजे, हे तेव्हा डोक्यात बसलं ते कायमचं.

ताफ्यात असेपर्यंत क्रोनोमीटर नसलेल्या जहाजाचं निभावून जायचं. ज्यांच्याकडे घड्याळ असे ती जहाजं निशाणांनी रेखांश कळवत. २६ मेला खराब हवेत आर्निस्टनची शिडं फाटली आणि ते ताफ्यापासून तुटलं. तिथून पुढे सगळं अंदाजावर. अंदाज म्हणजे काय, तर गाठी मारलेल्या दोरीला लाकडी फळी बांधून मागे सोडायची, वाळूचं घड्याळ रिकामं होईतो किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं, आणि वेग, दिशा, वेळ यांचा गुणाकार करून नकाशावर खूण करायची. यातून पाण्यातला वेग कळतो. पाणीच सरकत असेल तर ते ना दोरीला कळतं ना फळीला. आणि जगात ज्या थोड्या जागी पाणी सगळ्यात जोरात सरकतं, त्यातली ही एक. अगुल्हासचा प्रवाह आफ्रिकेच्या किनाऱ्याला धरून नैर्ऋत्येला धावतो, पण किनाऱ्याजवळच्या उथळ भागात तो मंदावतो, कुठे उलटाही फिरतो. आज जो प्रवाह तुम्हाला पन्नास मैल पुढे नेतो, तो उद्या किती नेईल हे सांगता येत नाही. त्यात समोरून वारा.

२९ मेला जमीन दिसली. कप्तानाच्या हिशेबात ती केप पॉइंट, म्हणजे केपटाउनजवळचं टोक, असायला हवी होती. प्रत्यक्षात ती अगुल्हासची, म्हणजे आफ्रिकेच्या अगदी दक्षिण टोकाची होती, दीडेकशे किलोमीटर अलीकडची, पूर्वेची. केप ओलांडलं असं समजून ३० मेच्या पहाटे साडेचारच्या सुमारास त्याने अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटासाठी उत्तरेकडे तोंड वळवलं. केप पॉइंटच्या पलीकडे उत्तरेला उघडा अटलांटिक आहे. अगुल्हासच्या अलीकडे उत्तरेला जमीन आहे.

आता हिशेब बघा. केप पॉइंट आणि अगुल्हास यांच्या रेखांशांत साधारण दीड अंशाचा फरक आहे. घड्याळाच्या भाषेत सहा मिनिटं. क्रोनोमीटर रोज एक सेकंद चुकतोय आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नाही असं धरा. गॉल सोडून ५५ दिवस झालेले, म्हणजे पाऊण-एक मिनिटाची चूक, त्या अक्षांशावर वीसेक किलोमीटर. इतकं वाईट घड्याळही त्या माणसाला ठामपणे सांगू शकलं असतं की हे केप पॉइंट नव्हे. एकदाच सूर्य दिसायला हवा होता.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नावर माझं स्पष्ट मत : सिम्प्सन अडाणी नव्हता. त्याने क्रोनोमीटर मागितला होता. तो तेव्हा साठ ते शंभर पौंडांना मिळे. स्वतःच्या खिशातून घ्यायची त्याची ऐपत नव्हती, आणि मालकांनी नकार दिला. वर त्याला सुनावलं की घड्याळाशिवाय जायचं नसेल तर दुसरा कप्तान मिळेल. हे सगळं बॅझिल हॉल या आरमारी अधिकाऱ्याने १८३३ साली लिहून ठेवलं, जहाजांवर क्रोनोमीटर हवाच हे पटवण्यासाठी. नोकरीवर पाणी सोडायचं की अंदाजाने जायचं, एवढेच दोन पर्याय त्या माणसापुढे होते, आणि मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. दोष मालकांचा, हे मात्र छातीठोकपणे सांगतो.

आणि नुसता घड्याळाचाच प्रश्न होता असंही नाही, नकाशेही चुकीचे असत. जेम्स हॉर्सबर्ग नावाचा स्कॉटिश खलाशी १७८६च्या मे महिन्यात अॅटलस जहाजावर होता, ते चुकीच्या नकाशामुळे हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर आपटलं. तो वाचला, मुंबईला परतला, मुंबई-चीन व्यापाराच्या जहाजांवर वर्षानुवर्षं फिरला, आणि दर सफरीत खडक, प्रवाह, वारे टिपत गेला. त्याचा पूर्वेकडच्या जलमार्गांचा ग्रंथ १८०९ ते १८११ दरम्यान छापला गेला आणि पुढे कंपनीने त्याला आपला जलमापक नेमलं. मुंबई बंदरात टिपणवही घेऊन बसलेल्या त्या माणसाने किती जीव वाचवले, याची गणती नाही.

शेवटचे काही तास सांगतो. किनारा दिसला तेव्हा जहाज वाऱ्याच्या तावडीत सापडलं होतं. तीन नांगर टाकले, दोघांचे दोर तुटले. जहाजावरच्या लेफ्टनंट ब्राइस या आरमारी अधिकाऱ्याने सुचवलं की तिसरा दोर कापून जहाज सरळ किनाऱ्यावर घालावं, म्हणजे काही माणसं तरी उतरतील. माझ्या मते सल्ला बरोबर होता. दोर कापला. सुमारे आठ मिनिटांत जहाज खडकावर बसलं, पण किनाऱ्यापासून बरंच लांब, आणि लाटांनी तिथेच त्याच्या चिंधड्या केल्या. सहा माणसं पुळणीवर पोचली.

त्या सहा जणांचं पुढे काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. त्यांच्या डोक्यात अजून तोच हिशेब होता : आपण केपच्या पश्चिमेला आहोत, म्हणजे केपटाउन पूर्वेला. ते पूर्वेला चालू लागले. साडेचार दिवस किनाऱ्याने चालले, ब्रीड नदीच्या मुखाशी अडले आणि परत फिरून फुटलेल्या जहाजापाशी आले. केपटाउन सबंध वेळ त्यांच्या पाठीमागे होतं. १४ जूनला एका शेतकऱ्याच्या मुलाला ते सापडले.

त्या जागेला स्थानिक लोक वानहायसक्रान्स म्हणतात, म्हणजे गाडीघराचा कडा. तिथल्या कड्यात समुद्राने कोरलेली एवढी मोठी गुहा आहे की बैलगाडी आत जाऊन वळेल. गावाचं दुसरं नाव आर्निस्टन, जहाजावरून पडलेलं. सिलोनहून परतणारी लेफ्टनंट कर्नल गील्स यांची चार मुलं त्या जहाजावर होती, चारही गेली. त्यांच्या आईने किनाऱ्यावर स्मारक उभारलं, त्याची प्रतिकृती आजही तिथे बघता येते. अगुल्हासला दीपगृह मात्र १८४९ साली लागलं.