मखरावरचे ठिपके

प्रिय बाळा,

तुझा निरोप मिळाला, मखराचं रेखाटनही पाहिलं. मेलबर्नच्या मंडळाचा गणपती, मागे तांबडी माती, तीवर पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांची वर्तुळं आणि मधून कांगारूची पावलं. हात तुझा पहिल्यापासूनच चांगला आहे. आपण जिथे राहतो तिथल्या मूळ लोकांचा मान राखावा म्हणून हे करतेस, हेही मला पटतं. तरी हे मखर असं करू नकोस.

ते ठिपके तुला मीच शिकवले होते. सातवीच्या वर्गाकडून कान कोरायच्या काड्यांनी 'ऑस्ट्रेलियातली आदिवासी कला' म्हणून काढून घेतले आणि ते कुणाचे, कुठले, हे सांगितलंच नाही. तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. ते सांगायचं राहून गेलं याची मला मनापासून खंत आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला ग्रेट सँडी डेझर्ट नावाचं वाळवंट आहे. १९९७ साली तिथल्या पिर्निनी या वस्तीवर चाळीसहून अधिक माणसांनी मिळून एक चित्र रंगवलं. आठ मीटर बाय दहा मीटर, म्हणजे आपल्या शाळेच्या वर्गाहूनही मोठं. जमिनीवर कापड अंथरलेलं, आणि प्रत्येकजण आपापल्या जागी बसून आपापलं पाणी, म्हणजे आपला पाणवठा, रंगवत होता. आदल्या वर्षी एक चित्र झालं होतं, ते अपुरं वाटलं म्हणून हे दुसरं. त्याचं नाव 'ङुर्रारा'. 'ङुर्रा' म्हणजे मुक्काम, घर आणि आपली भूमी. तिन्हींना शब्द एकच.

हे चित्र भिंतीवर लावायला काढलेलं नव्हतं. तो जमिनीच्या दाव्यातला पुरावा होता. १९९२ च्या माबो खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला, आणि त्यानंतर त्या हक्काचा कायदा झाला. पण हक्क सिद्ध करायचा तर आपलं या भूमीशी काय नातं आहे ते न्यायाधिकरणाला पटवायचं, आणि तेही इंग्रजीत. मग या मंडळींनी चित्र अंथरलं. एकेक ज्येष्ठ उठे, चित्रातल्या आपल्या पाणवठ्यावर जाऊन उभा राही आणि आपल्या भाषेत त्या जागेची हकीकत सांगे. दुसऱ्याच्या पाण्यावर उभं राहून कुणी बोललं नाही. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, न्यायालयाने पिर्निनीलाच येऊन निकाल दिला. ७५ हजार चौरस किलोमीटरहून अधिक मुलखावर त्यांचा हक्क मान्य झाला. महाराष्ट्राचा जवळजवळ चौथा हिस्सा म्हण ना.

त्याच वाळवंटाचा एक नकाशा याच्या नव्वद वर्षं आधी तयार झाला होता. १९०६ साली आल्फ्रेड कॅनिंग गुरं हाकत न्यायचा मार्ग आखायला निघाला. पाणी कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तिथल्या माणसांना पकडून, साखळ्या घालून, त्यांना पाणवठे दाखवायला लावले. पुढे त्यांच्याच पाणवठ्यांवर विहिरी खणल्या गेल्या. पाणी तेच. एक नकाशा साखळीने मिळवलेला, दुसरा ज्यांचं पाणी त्यांनी बसून काढलेला. मला वाटतं, ङुर्राराचं चित्र बघताना हे मनात असावंच लागतं.

आता त्या वर्तुळांबद्दल. तू मखरात एकात एक अशी सात वर्तुळं काढलीस. ङुर्रारात तसं वर्तुळ बहुधा एखादा 'जिला' असतो, म्हणजे वर्षभर न आटणारं, जिवंत मानलेलं पाणी. त्यात पाऊस आणणारा नाग राहतो अशी त्यांची श्रद्धा. पावसानंतर काही काळच टिकणाऱ्या झिऱ्याला 'जुमू' म्हणतात. आणि हा जिला वाळूत असतो, बाळा! कुणी गेलं नाही, वाळू उपसली नाही, तर तो भरून बुजून जातो. म्हणून ज्याचा जिला, त्याने तिथे जायचं, हाक मारून आपण कोण ते सांगायचं, वाळू काढायची. पाण्याचं चित्र काढण्याचा हक्क आणि ते उपसण्याचं काम एकाच माणसाकडे येतं.

मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांत तर याची रीत फार नेमकी आहे. एखादी भूमी आणि तिची कथा ज्यांच्याकडे वडिलांकडून आली, ते 'किर्दा'. आणि ज्यांचं ते आजोळ, ते 'कुर्दुङुर्लु'. ('आजोळ' हा शब्द आपल्याकडे आहे म्हणून हे तुला मराठीत एका ओळीत सांगता आलं, याचं मला फार बरं वाटतं.) किर्दांनी विधी करायचा, चित्र काढायचं, कुर्दुङुर्लुंनी ते नीट होतंय ना, काही चुकतंय का, नको ते उघडं पडतंय का, हे पाहायचं. एकट्याच्या मर्जीने काही नाही.

ही चित्रं आधी वाळूवर आणि अंगावर काढत आणि काम झालं की पुसून टाकत. रांगोळीवर वाढलेल्या तुला यात नवल वाटायचं नाही. १९७१ साली मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या या वस्तीच्या शाळेच्या भिंतीवर तिथल्या मोठ्या माणसांनी मधमुंगीचं चित्र रंगवलं. शिक्षक जेफ्री बार्डन यांनी प्रोत्साहन दिलं होतं. तिथून फळ्या आणि कॅनव्हास सुरू झाले, आणि १९७२ मध्ये चित्रकारांची स्वतःची कंपनी उभी राहिली. ती शाळेची भिंत पुढे रंग मारून पुसून टाकली गेली, हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. सुरुवातीच्या फळ्यांवर काही गुप्त विधींच्या वस्तू उघड दिसत. त्यावर इतर गटांनी हरकत घेतली. मग त्या वस्तू चित्रांतून गेल्या आणि ठिपक्यांनी जागा दाट भरू लागली. म्हणजे जे ठिपके आपण नक्षी म्हणून उचलतो, त्यांच्या कामात एक काम झाकण्याचंही होतं.

जमीन राखणं म्हणजे काय, त्याचंही एक उदाहरण देते. ग्रेट सँडी डेझर्टच्याच बाजूच्या मार्तू लोकांतल्या बायका थंडीत घोरपडीच्या शिकारीला जाताना स्पिनिफेक्स गवताचे लहान लहान पट्टे पेटवतात. बिळं दिसू लागतात, आणि पुढे त्याच जागी खाण्याजोग्या बियांची, फळांची झुडपं येतात. कुठे कालचं जळलेलं, कुठे पाच वर्षांपूर्वीचं, कुठे जुनं दाट, अशी गोधडी असली की मोठा वणवा पुढे सरकत नाही. १९६० च्या दशकापर्यंत ही माणसं वाळवंटातून हलली, हलवली गेली, आणि मागे विजेने लागलेले वणवे मैलोन् मैल पसरत गेले. माणसं परतली तिथे पुन्हा लहान पट्टे दिसू लागले.

आता तुझं मखर. तू ज्या जागी राहतेस ती वुरुंजेरी आणि बुनुराँग लोकांची. वाळवंटातले हे ठिपके तिथले नव्हेतच. ते दोन-तीन हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या माणसांच्या पाण्याचे. मंडळाला खरंच मान द्यायचा असेल, तर वुरुंजेरींच्या संस्थेला रीतसर विचारा, मानधन द्या, आणि त्यांच्या ज्येष्ठांना 'वेलकम टू कंट्री', म्हणजे आपल्या भूमीवर पाहुण्यांचं स्वागत, म्हणायला बोलवा. चित्र हवंच असेल तर चित्रकारांच्या मालकीच्या केंद्रातून, नावानिशी विकत घ्या. मखराला गेरू लाव आणि तुझ्या आजीच्या उंबऱ्यावरची रांगोळी काढ. ती तुला डोळे मिटूनही येते.

आणि नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात जा. एमिली कामे ङ्वारे या आदिवासी चित्रकार बाईंचं रताळ्यासारख्या रानकंदाचं १९९५ सालचं मोठं चित्र तिथल्या संग्रहात आहे. मांडलेलं असेल तर समोर निवांत बस. आठ मीटर लांब, काळ्यावर पांढऱ्या रेषा, एकही ठिपका नाही. कंद वाढला की वरची जमीन तडकते, ते तडे तिथे आहेत. एमिलीबाईंच्या नावातला 'कामे' म्हणजे त्याच कंदाचं बी.

पाहून आलीस की मला फोन कर. रविवारी मी घरीच असते.

तुझ्या
बाई