उसना आकडा घालू नको

पोरी,

काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि झोपच उडाली, म्हणून सविस्तर लिहितोय. सायबेरियातल्या पीटचा (दलदलीत अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींच्या थराचा) डेटा मिळालाय, कार्बन टक्क्यात आहे, पारा-शिसं किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये आहे, फक्त बल्क डेन्सिटीचे, म्हणजे ठरावीक आकारमानात कोरडा नमुना किती वजनाचा भरतो याचे, निम्मे रकाने कोरे, आणि कुणीतरी सांगितलं की सरासरी टाक अन् मोकळी हो. नको टाकू. उसना आकडा घालू नको.

तूच गणित करून बघ. आपल्याकडची उसाची काळी जमीन, सेंद्रिय कर्ब 0.6 टक्के, घनता घनसेंटीमीटरला 1.3 ग्रॅम धर. पीटमध्ये कार्बन 50 टक्के, घनता 0.1. टक्क्यात फरक ऐंशीपटीच्या वर. पण वरच्या 30 सेंटीमीटरचा साठा काढलास तर चौरस मीटरला आपल्या शेतात साधारण 2.3 किलो आणि तिकडं 15 किलो, म्हणजे जेमतेम साडेसहा पट! एवढी उलथापालथ ज्या आकड्यानं होते तोच तू अंदाजानं भरणार?

त्यात ते गोठलेलं पीट. गोठलेलं असतानाच कापून आकारमान घ्यावं लागतं, कारण बर्फ वितळला की तुकडा खाली बसतो, आणि मग मोजलेली घनता जमिनीतली राहत नाही, तुझ्या ट्रेमधली होते. शिवाय पीट कुजत गेलं की कार्बन उडून जातो आणि धातू मागं राहतात, म्हणून खालच्या थरात शिसं जास्त दिसलं की लगेच प्रदूषण म्हणायचं नाही, मुख्यतः मातीच्या धुळीतून येणाऱ्या टायटॅनियमशी ताडून बघ. आणि पाऱ्याचा नमुना 105 अंशाच्या ओव्हनमध्ये वाळवलाय का फ्रीझ ड्रायरमध्ये (गोठवूनच वाळवणाऱ्या यंत्रात), हे विचारलंस का? पारा उडतो गं.

हा नुसता म्हाताऱ्याचा हट्ट नाही. 2018 मध्ये पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीच्या, भागातल्या पाऱ्याचा अंदाज आला साडेसोळा लाख टन, अलास्कातल्या कोअरवरून (जमिनीत नळी घालून काढलेल्या उभ्या नमुन्यांवरून) पारा आणि कार्बनचं गुणोत्तर काढून ते सगळ्या उत्तरेला लावलेलं. 2020 मध्ये पश्चिम सायबेरियाचं पीट प्रत्यक्ष मोजलं तर कार्बनमागं पारा कमी निघाला आणि अंदाज आला सहा लाख टनांच्या आसपास. पहिल्यांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही, त्यांच्याकडं तेवढंच होतं. पण तुला मागून मिळू शकतं, मग का नाही मागायचं?

2019 च्या पुरानंतर पंचगंगेकाठच्या शेतात गाळ बसला तेव्हा एका ऑफिसनं विचारलं, किती धातू आला सांगा, आठवड्यात. मी म्हटलं थराची जाडी आणि घनता मोजल्याशिवाय किलोमागचा आकडा देईन, एकराचा देणार नाही. रिपोर्ट दुसऱ्याकडून करून घेतला त्यांनी. घरात, डिपार्टमेंटात सगळ्यांनी मलाच शहाणपण शिकवलं, की सर जरा जुळवून घ्या. आज विचारशील तरी हेच करीन. खंत एवढीच की नंतर त्या शेतांत नांगर फिरला आणि तो थर आता कुणालाच मोजता येणार नाही. तुझे कोअर निदान कुठल्यातरी फ्रीझरमध्ये असतील!

तू लिहिलंस, एवढ्या लांबच्या बर्फाचं कोल्हापुरात बसून मी काय करणार. हे मात्र मला आवडलं नाही. उत्तरेकडच्या पीटमध्ये 415 अब्ज टनांच्या आसपास कार्बन आहे, त्यातला निम्म्याच्या जवळपास पर्माफ्रॉस्ट असलेल्या भागात. तिथला बर्फ वितळून जमीन कोरडी पडली तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाणी साचलं तर मिथेनही, आणि त्याच प्राणवायू नसलेल्या पाण्यात सूक्ष्मजीव पाऱ्याचा मिथाइल पारा करतात जो माशांत चढत जातो. त्याचा हिशोब कोल्हापुरातून नीट होत असेल तर तो इथूनच होऊ दे की.

तर आता असं कर. ज्यांनी कोअर काढले त्यांना आजच मेल टाक. कटरचा व्यास, तुकड्याची लांबी, वाळल्यावरचं वजन, कापताना गोठलेला होता का, एवढं विचार. नाही मिळालं तर ते कोअर साठ्यातून वगळ आणि तसं स्पष्ट लिही, कोअर कमी पडले म्हणून गाईड ओरडले तर मी बोलतो त्यांच्याशी. सोमवारी येताना शीट प्रिंट करून आण, कोरे रकाने कोरेच ठेवून.