शेतकरी घराण्याची वंशावळ: पणजोबांच्या मागे कसं जायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर शेतकऱ्याचं, जुनी माणसं सही न येणारी, छापील कुलवृत्तांत नाही, पणजोबांच्या मागचं एकही नाव कुणाला सांगता येत नाही. अशा घराण्याचा माग लागतो का, आणि लागला तर तो कुणाला सांगायचा?

लागतो. तुमचे पूर्वज स्वतः लिहीत नव्हते, पण शेतसारा भरत होते. जो सारा भरतो त्याचं नाव सरकार लिहून ठेवतं, तो मेला की त्याच्या जागी कोण आलं तेही लिहितं. त्यामुळे पुष्कळदा शहरातल्या नोकरदार घरापेक्षा गावातल्या कुळाचा माग जास्त सलग लागतो. मी बरीच वर्षं हे काम करते आहे आणि या बाबतीत माझी खात्री आहे.

कागदाआधी माणसं. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईकडे बसा, पुरुषाकडे नंतर. पुरुष भाऊबंद सांगतात. बाया माहेरं सांगतात. कुणाची सोयरीक कुठे झाली, कोण बाळंतपणात गेली, कुणाचा पाट (विधवेचं दुसरं लग्न) लागला, कुलदैवताला नारळ कुणाच्या नावाने फोडतात, हे सगळं त्यांना पाठ असतं. बोलणं रेकॉर्ड करा आणि नाव-गाव-नातं त्याच दिवशी वहीत उतरवा.

एक गोष्ट आधीच सांगते. गावात जाऊन तुम्ही जुने उतारे आणि वारसांची नावं विचारायला लागलात की चुलत्यांच्या मनात पहिली शंका येते ती वाटणीची. त्यांचं काही चूक नाही; असे कागद लोक सहसा त्यासाठीच काढतात. म्हणून काय शोधताय आणि का, ते आधी सांगा. काढलेल्या प्रत्येक नकलेची झेरॉक्स त्यांनाही द्या. माझ्याशी तुटक बोलणाऱ्या एका चुलत आजोबांनी पहिली झेरॉक्स हातात पडल्यावर ट्रंकेतून पिवळ्या पडलेल्या सारा-पावत्या काढून दिल्या.

आता कागद. आजच्या सातबाऱ्यावरून मागे जायचं ते फेरफारांच्या, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदींच्या वाटेने. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. ते एकेक करून मागे वाचत गेलात की साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपर्यंत पोचता. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून मिळतात. काही जिल्ह्यांचे स्कॅन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत. वारस नोंदी सोडू नका. त्यात ‘बिन’ किंवा ‘वलद’ दिसलं की पुढे बापाचं नाव, ‘कोम’ दिसलं की नवऱ्याचं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आणि ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान असला की त्याच्यासाठी उभं राहिलेलं माणूस. बऱ्याचदा ती आई असते, आणि एरवी कुठेच न दिसणाऱ्या बाईचं नाव तिथे सापडतं.

माझ्याच घरातलं उदाहरण देते, म्हणजे हे कसं जुळत जातं ते कळेल. आमचं गाव संगमनेर तालुक्यातलं. पणजोबा तुकाराम, त्यांचे वडील कोंडाजी एवढंच माहीत होतं. फेरफारात ओळ सापडली: कोंडाजी बिन राघू मयत, वारस मुलगा तुकाराम अज्ञान, अ.पा.क. आई सगुणा कोम कोंडाजी. एका ओळीत राघू आणि सगुणा ही दोन नवी नावं मिळाली. तारीख 1919 ची होती. वारस नोंद मृत्यूनंतर काही महिन्यांनी होते, म्हणून मी गाव नमुना चौदा मागितला, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर. त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. 1918 च्या ऑक्टोबरची पानं उघडली. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द होता: ताप. इन्फ्लूएंझाची साथ मुंबई इलाख्यात त्या हंगामात सर्वांत भयंकर होती, हे मी वाचलेलं होतं, पण आपल्या गावातली नावं, वयं, एकाच घरातल्या दोन-दोन नोंदी पाहिल्यावर पुढचं पान उलटवेना. कोंडाजी त्यात होते. वय तीस लिहिलं होतं.

पुढच्या एका फेरफारात अ.पा.क. बदलून चुलत्याचं नाव आलं होतं, आणि कारण स्पष्ट लिहिलं होतं: सगुणा हिने पाट लावला. पुढे दुसऱ्या गावाचं नाव. हे लिहिणं भाग होतं, कारण विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक देणाऱ्या 1856 च्या कायद्यानेच, पाट लावला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपवला होता. आमच्या घरात मात्र ‘तुकारामाची आई लहानपणीच गेली’ एवढंच सांगत आले होते.

इथे तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग येतो. ती पुढे कुठे गेली हे मी एकटीने शोधू शकले नसते. त्या दुसऱ्या गावच्या नोंदी एक बाई आपल्या घराण्यासाठी वाचत होत्या. आमची ओळख मोडीच्या, म्हणजे जुन्या कागदांच्या लिपीच्या वर्गातली. मी त्यांना फेरफाराचा फोटो पाठवला, त्यांनी त्यांच्या रजिस्टरमधली ‘सगुणा’ नावाची मृत्यूनोंद पाठवली, नवऱ्याच्या नावासकट. ते घर आजही त्याच गावात आहे. तिथल्या म्हाताऱ्या सूनबाईंनी विचारायच्या आधीच सांगितलं की सासूबाईंना पहिल्या घरचा एक मुलगा होता, तुका नावाचा. कागद आणि आठवण दोन वेगळ्या दिशांनी येऊन एकाच जागी भेटले, तेव्हा मी ते नातं वंशावळीत पक्क्या शाईने लिहिलं.

आमच्याकडे हे सगळ्यांना रुचलं नाही. दोघा-तिघांनी ‘पाटाचं कशाला लिहायचं’ असं विचारलं. मी लिहिलं. ऐन तारुण्यात विधवा झालेली, पोटचं पोर दिराकडे ठेवून दुसरं घर मांडणारी ती बाई माझी खापरपणजी आहे; तिला मेलेली म्हणत राहणं मला अन्यायाचं वाटतं. पण हयात माणसांच्या बाबतीत मी अगदी उलट वागते. जिवंत असलेल्या कुणाची जन्मतारीख, दत्तक, सोडचिठ्ठी, जातीचे दाखले मी घराबाहेर दाखवत नाही, आणि कुणी मागितले तरी देत नाही.

दुसऱ्या संशोधकांना काही पाठवताना नुसती वंशावळ पाठवू नका. प्रत्येक नावापुढे कागद लिहा: कोणतं गाव, कोणतं रजिस्टर, कोणतं वर्ष, नोंद क्रमांक. मूळ पानाचा पूर्ण फोटो द्या, फक्त आपल्या ओळीचा नको. शेजारची ओळ दुसऱ्या कुणाच्या तरी कामाची असते. तोंडी ऐकलेलं असेल तर कुणाकडून ऐकलं ते लिहा. ‘आमचं मूळ अमुक राजघराण्यात’ छापाच्या वंशावळी पुष्कळ फिरतात. मधल्या आठ-दहा पिढ्यांना एकही कागद नसेल तर ती मी बाजूला ठेवते, कितीही मानाची असली तरी.

काही पानांवर सावध राहा. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात 1 जून ही जन्मतारीख दिसली की ती बहुतेक मास्तरांनी अंदाजाने घातलेली असते. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. आडनावावर तर अजिबात विसंबू नका. जुन्या नोंदीत बापाचं नाव आणि जात एवढंच असतं. तीन भावांची तीन आडनावं झालेली मी पाहिली आहेत.

त्याच्याही मागे जायचं तर दोन वाटा. एक तीर्थक्षेत्राची. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गावाप्रमाणे, आडनावाप्रमाणे नामावळ्या असतात. आपलं गाव कोणत्या गुरुजींकडे आहे ते तिथे विचारत गेलं की कळतं. श्राद्धाला, सिंहस्थाला आलेल्या माणसाने सांगितलेली बाप-आजा-भाऊ-मुलांची नावं त्यात असतात. कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर हेळवी लोकांना विचारा. सुगीनंतर गावोगाव येऊन घराण्याची वंशावळ वाचून दाखवणं हे त्यांचं पिढीजात काम.

दुसरी वाट मोडीची, आणि ही शिकल्यावाचून गत्यंतर नाही. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, हाताहाताला वळण बदलतं. तरी रोज पानभर सराव केला तर काही महिन्यांत फेरफाराएवढा मजकूर लागायला लागतो. पेशवाईतल्या कागदांवर तारीख अरबी सनात शब्दांनी येते. ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे तीन, साठ, शंभर, हजार: 1163. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन, इथे 1762-63. शके असेल तर 78 किंवा 79 मिळवा. पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात तुमच्या गावचा थळझाडा निघाला तर गावातली कोणती जमीन कोणत्या मूळ घराण्याची होती, ते त्यात मिळतं. पाटील-कुलकर्ण्यांसारखे वतनदार नसलेल्या साध्या कुणब्याचं नाव अठराव्या शतकातल्या कागदावर वाचण्याची ती जागा आहे.

2023 पासून कुणबी नोंदींचा शोध घेणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामामुळे अनेक जिल्ह्यांनी जुनी रजिस्टरं स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवली आहेत. तुमची जात कोणतीही असो, ती गावाचीच पानं आहेत. आधी तिथे पाहा, कदाचित तालुक्याचा हेलपाटा वाचेल.

तुमचा तालुका तुम्ही लिहिलेला नाही. मी वर सांगितलं ते मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्याला लागू पडतं. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात आणि तिथे खासरा पत्रक या जमिनीच्या जुन्या नोंदपत्रकापासून मागे जावं लागतं. विदर्भात अधिकार अभिलेख पंजी, म्हणजे जमिनीच्या हक्कांची जुनी नोंदवही मागायची. तालुका आणि पणजोबांचं नाव कोणत्या कागदावर पाहिलंय ते कळवा, मग पुढचा अर्ज कोणत्या कार्यालयात आणि कोणत्या नमुन्यासाठी करायचा ते सांगते.