नोकरी संपली, सेवा संपली, आता मी कशासाठी?

प्रश्न : ताई, मी 53 वर्षांची, कर्वेनगरला राहते. वीसेक वर्षं बँकेत नोकरी केली, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून व्हीआरएस घेतली, त्यांचं सगळं केलं, गेल्या वर्षी त्या गेल्या. मुलगा जर्मनीला, हे सकाळी आठला जातात ते रात्रीच उगवतात. दिवसभर वाटत राहतं की आपण आहोत तरी कशासाठी? मैत्रिणीच्या आग्रहाने ते 'आयुष्याचं ध्येय शोधा' टाइपचं वर्कशॉप पण केलं, डोळे मिटून आत बघा म्हणाले, मी बघितलं, तर संध्याकाळी भाजी कुठली करायची तेच डोक्यात. हसू नका. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे बँकेचे फॉर्म भरून दिले त्या दिवशी जरा बरं वाटलं, पण ते काय, कोणीही करेल.

उत्तर : सॉरी, भाजीला हसले. पण तुमचं पत्र परत वाचल्यावर वाटलं की यातला अर्धा भाग ध्येयाचा नाहीच, थकव्याचा आणि दुःखाचा आहे. रात्री उठून औषध द्यायची सवय लागलेलं माणूस एकदम मोकळं होतं तेव्हा त्याला हलकं वाटतं असं लोक समजतात, तसं होत नाही. झोप, भूक उडालीये, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, किंवा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता ध्येयाचं. तुम्ही ज्यांच्या नावाच्या भागात राहता त्या अण्णांचंच बघा ना. धोंडो केशव कर्वे काही डोळे मिटून आत बघत बसले नव्हते हो. 1891 ला पहिली बायको गेली, 1893 ला त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं, गावाने वाळीत टाकलं, म्हणजे प्रश्न आधी घरात आला आणि काम मागनं. 1896 ला विधवांसाठी आश्रम काढला, 1900 ला तो हिंगण्याला, म्हणजे आजच्या तुमच्या कर्वेनगरला, नेला तेव्हा तिथे एक झोपडी होती, आणि फर्ग्युसनची गणिताची नोकरी चालूच, हिंगण्याहून चालत जाऊन शिकवायचे. महिला विद्यापीठ काढलं तेव्हा ते 58 चे होते. तुम्ही विद्यापीठ काढा म्हणत नाहीये, घाबरू नका! पण काम समोरून येतं, हे मात्र मला पटलंय.

आणि तुमच्या दारात ते आलंय, तुम्हीच शेवटच्या ओळीत ढकलून दिलंत. 'कोणीही करेल' म्हणता, करतंय कोण? या काकूंसारख्यांची मुलं परदेशात, बँकेचं ॲप उघडायची भीती, काउंटरवर विचारलं तर 'ऑनलाइन करा'. कितीतरी बायकांना नवऱ्याच्या एफडी कुठल्या बँकेत आहेत तेच माहीत नसतं, खातं एकट्याच्या नावावर, नॉमिनी टाकलेला नाही, आणि टाकला असला तरी नॉमिनी म्हणजे मालक नाही, बँक पैसे त्याच्या हातात देते पण वारसांचा हक्क राहतोच, हे तुम्हाला झोपेत सांगता येईल आणि त्यांना माहीतच नाही. दर नोव्हेंबरला पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याची धावपळ असते ती वेगळीच.

आठवड्यातून दोन दुपारी बसा. घरी नको, सोसायटीच्या ऑफिसात. कोणाचाही पिन, ओटीपी विचारायचा नाही, सही त्यांनीच करायची, आणि पैसे कुठे गुंतवू म्हणून विचारलं तर हात जोडायचे. एवढं पाळा. ग्रुपवर मेसेज टाकताना वेळ मात्र स्पष्ट लिहा, चार ते सहा, नाहीतर आपले काका लोक दीडलाच बेल वाजवतील, आणि पुण्यात दुपारी दीडला बेल वाजली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.