‘पश्चात्ताप करा’ हे मराठी बरोबर आहे का?

एका मित्राचा प्रश्न : बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानात ‘पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे’ असे वाक्य आहे. पण मराठीत पश्चात्ताप ‘होतो’, तो ‘करतात’ कुठे? भाषांतर चुकलंय का?

चुकलेलं नाही. पण खटकायला हवंच, कारण मूळ शब्दाची जात वेगळी आहे. राग येतो, भूक लागते, तसा पश्चात्ताप होतो. ‘उद्यापासून पश्चात्ताप कर’ असं कोणी कोणाला सांगत नाही. ग्रीक मुळात मात्र सरळ आज्ञार्थ आहे : मेटानोएइटे. नाम मेटानोइया. ‘मेटा’मध्ये ‘नंतर’ आणि ‘पालट’ या दोन्ही छटा आहेत आणि ‘नूस’ म्हणजे मन, बुद्धी. जळण्याचा, तापाचा त्यात मागमूस नाही. त्यामागे हिब्रू संदेष्ट्यांचं ‘शूव’ हे क्रियापद उभं आहे, आणि त्याचा अर्थ तर नुसता ‘माघारी फिरणे’. माघारी फिर, असं माणसाला सांगता येतं.

हिंदी बायबलात याच जागी ‘मन फिराओ’ आहे. मुळाच्या जवळचं, पण मराठीत ते उचलायची सोय नाही. आपल्याकडे ‘त्याचं मन फिरलं’ म्हटलं की ठरलेलं लग्न मोडल्याचा वास येतो!

‘प्रायश्चित्त’ का नाही? कारण ते ‘घेता’ येतं, मनात काही हललेलं नसतानाही. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, झालं आणि रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चहाचा पश्चात्ताप त्यांना झाला असेल असं मला तरी वाटत नाही. (तुकोबांनी मात्र अनुतापात चित्त न्हाऊन निघणं हेच प्रायश्चित्त ठरवून हा भेदच पुसला.)

उलट बाजूला येशूचा शिष्य यहूदा. येशूला धरून दिल्यावर त्याला जे वाटलं त्यासाठी मत्तय मेटानोइया वापरत नाही, मेटामेलोमाइ हे दुसरंच क्रियापद वापरतो. मी त्याला ‘पस्तावा’ म्हणेन. त्यात ताप पुरेपूर आहे, परतणं नाही. चांदीची नाणी मंदिरात फेकून तो एकटाच निघून गेला.

लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायातल्या येशूच्या दृष्टांतातला उधळ्या पुत्र डुकरं राखता राखता शुद्धीवर येतो, आणि उठून बापाच्या घराकडे चालू लागतो. ‘करा’चा अर्थ मला त्या उठण्यात दिसतो. पश्चात्तापाला जोडलेला नम्रतेचा धागाही इथेच आहे : मुलगा म्हणून नको, मोलकरी म्हणून ठेवा, एवढंच मागायचं त्याने ठरवलेलं असतं. अठराव्या अध्यायातला जकातदारही असाच, दूर उभा, वर पाहायचं धाडस नसलेला. या नम्रतेला ग्रीकमध्ये ‘टापेइनोस’, म्हणजे खालचा, हलका. अभिजात ग्रीकांत तो बहुधा हिणवायचा शब्द. मराठी बायबलात येशू स्वतःला ‘लीन’ म्हणवतो, ही निवड मला फार आवडते. ‘नम्र’ माणूस नुसता वाकलेला असतो, ‘लीन’ कोणाच्या तरी चरणी असतो.

तेव्हा ‘करा’ ठेवावं. फक्त लिहिताना पश्चात् + ताप लक्षात असू द्या; ‘पश्चाताप’ नाही, दोन त.